‘घाबरल्यासारखं होतंय’ म्हणजे भीती वाटतेय असं नाही

आमच्या रुग्णालयात दर वर्षी नव्या सिस्टर येतात. केरळच्या बऱ्याच, मणिपूरच्या काही, हल्ली राजस्थानच्याही. हाताने फार चांगल्या. शीर सापडत नाही म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेल्या तान्ह्या बाळाला एका टोचणीत सलाईन लावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. हिंदी त्यांना येते, आणि ठाण्यात हिंदीवर भागतं असं त्यांना इथे येण्याआधीच कुणीतरी सांगितलेलं असतं. स्टेशनवर भागतं, गोखले रोडला कुर्ता घेताना भागतं. कॅज्युअल्टीत भागत नाही. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरून, दिव्याच्या चाळींतून, कळव्याच्या डोंगरावरच्या वस्तीतून माणूस येतो, त्याचा जीव कासावीस झालेला असतो, त्या वेळी त्याला हिंदी कुठून सुचणार?

मुली मराठी शिकतात. ‘नाव काय?’, ‘कुठे दुखतं?’, ‘उपाशी आहात का?’ हे त्यांना लवकर जमतं. प्रश्न विचारता येतो, पण उत्तर हाती लागत नाही. आणि त्या उत्तरात एकही अवघड शब्द नसतो. लागणे, येणे, जाणे, अंग, दिवस, बाहेर. हे शब्द त्यांनी सुरुवातीलाच पाठ केलेले असतात, प्रत्येकाचा एकेक अर्थ धरून. त्यामुळे त्या पुन्हा विचारत नाहीत. न कळलेला शब्द माणूस विचारून घेतो. कळला असं वाटलेला शब्द तसाच केसपेपरवर जातो आणि तिथून पुढच्या तिघांच्या डोक्यात.

माझं माहेर किन्हवलीकडचं, सासर कळव्याचं. म्हणजे पाड्यावरचं मराठी आणि चाळीतलं मराठी, दोन्ही कानात आहेत. मी वॉर्डची इन्चार्ज झाले तेव्हापासून सकाळी ओव्हर, म्हणजे रात्रपाळीकडून पेशंटची माहिती, घेऊन झाली की ड्युटी रूमच्या फळ्यावर एक शब्द लिहिते. त्या दिवशी ज्या मुली असतील त्यांच्याशी त्या एका शब्दावर बोलायचं, चहा होईपर्यंत. हे कुणी नेमून दिलेलं काम नाही. पण इंजेक्शन कसं द्यायचं हे शिकवण्याइतकंच हे शिकवणं गरजेचं आहे असं मला मनापासून वाटतं, आणि का वाटतं ते आज सविस्तर लिहिते.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात काम करणारे पन्नाशीचे गृहस्थ सकाळी स्कूटरवरून आले. बायको मागे बसलेली. स्वतःच्या पायांनी आत आले आणि म्हणाले, ‘‘काही नाही, जरा घाबरल्यासारखं होतंय.’’ समोरच्या मुलीने त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि अगदी मायेने म्हणाली, ‘‘काका, घाबरू नका.’’ ते गोंधळले. ‘‘मी कुठे घाबरलोय?’’ बायको म्हणाली, ‘‘नाही हो, ते घाबरट नाहीत. त्यांना घाबरं होतंय.’’ त्या माउलीने अर्थ किती नेमका सांगितला! पण ज्या मुलीला सांगितला तिला तो फरक ऐकू येणं शक्य नव्हतं. मी पलीकडच्या टेबलाला होते. कपाळावर घाम दिसला, शर्ट पाठीला चिकटलेला दिसला. त्यांना लगेच आडवं केलं, ईसीजी काढला. अटॅक होता. मधुमेह जुना, त्यामुळे छातीत कळ अशी आलीच नव्हती.

छातीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे हा जगभरचा नियम आहे. पण ती छातीची तक्रार आहे हे आधी कुणीतरी ओळखायला हवं. आपल्याकडे ती ‘घाबरल्यासारखं होतंय’, ‘जीव घाबरा झालाय’, ‘छाती भरून आलीय’, ‘कसंतरीच होतंय’ अशा कपड्यांत येते. साखर एकदम खाली गेली तरी माणूस ‘घाबरल्यासारखं’च म्हणतो. धाप लागायच्या आधीही तेच म्हणतो. आणि कधी कधी, घरातल्या भांडणानंतर आलेली तरुण मुलगी खरोखरच घाबरलेली असते, तीही तेच म्हणते. म्हणून फळ्यावर मी या शब्दापुढे अर्थ लिहीत नाही. करायच्या गोष्टी लिहिते: नाडी, बीपी, शुगर, ईसीजी. धीर नंतर.

यातला ‘सारखं’ हा शब्दही सोडू नये. ‘दुखल्यासारखं होतं’ म्हणजे दुखणं धड नाही, तसं काहीतरी. ‘सारखं दुखतं’ म्हणजे थांबतच नाही. शब्द तोच, फक्त पुढे आला की मागे, एवढ्यावर पोटदुखीचं सगळं चित्र पालटतं. केरळच्या मुलींना मी हे उलटसुलट दहादा म्हणायला लावते.

‘लागणे’ या शब्दाला मात्र फळा पुरत नाही. भूक लागते, झोप लागते, डोळा लागतो. ठेच लागते. नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागतं. ठाण्याहून निघालं की आधी कळवा लागतं, मग मुंब्रा. भाजी खारट लागते. औषधाला पैसे लागतात. ‘पेशंट तुमचे कोण लागतात?’ हे तर आम्ही प्रत्येक फॉर्म भरताना विचारतो. एवढं सगळं एका क्रियापदाने कसं काय चालतं, असं मुली विचारतात. चालतं, कारण आपण ते क्रियापद एकटं ऐकतच नाही. त्याच्या आधीचा शब्द आपल्या कानाने पकडलेला असतो.

शहापूरच्या पुढून जीपने आलेल्या एका बाईंबरोबरच्या माणसाने सांगितलं, ‘‘हिला गाडी लागली.’’ मुलीने केसपेपरवर अपघात लिहिला. सरळच आहे, गाडी येऊन लागली म्हणजे धडक बसली. बाई ओकाऱ्या काढून गळून गेल्या होत्या, त्यांना घाट, वळणं आणि डिझेलचा वास सोसला नव्हता. आता अपघात एकदा कागदावर लिहिला की पोलिसांना कळवणं आलं, जबाब आला, नातेवाईकांची धावपळ आली. वेळेवर लक्षात आलं म्हणून ते टळलं. त्याच दिवशी संध्याकाळी ती मुलगी घरी जायला स्टेशनवर गेली, तर शेजारचा माणूस फोनवर सांगत होता, ‘‘कसारा लागलीय, निघतो.’’ दुसऱ्या दिवशी तिने मला येऊन विचारलं, ‘‘सिस्टर, कसारा कुणाला लागली?’’ फलाटावर उभी असलेली गाडीही लागलेलीच असते, हे मला तोवर कधी सांगावंसंच वाटलं नव्हतं. आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं.

‘जुलाब लागलेत’ म्हणजे पोट बिघडलंय. ‘पोटाला लागलंय’ म्हणजे पोटावर मार बसलाय. आणि मार बसलेला असला तर लोक हमखास म्हणतात, ‘‘मुका मार आहे, काही नाही.’’ मुका म्हणजे न बोलणारा. रक्त नाही, जखम नाही, म्हणून मुका. या शब्दाची मला काळजी वाटते. मोटारसायकलच्या हँडलवर पोट आपटलेला मुलगा मुका मारच घेऊन येतो, आणि आत पाणथरी (प्लीहा) फाटलेली असू शकते. बाहेर काही दिसत नाही, नाडी मात्र वाढत जाते. म्हणून ‘मुका मार’ ऐकलं की दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि बीपी, असं मी फळ्यावर कायमचं लिहून ठेवलंय.

आणि ‘पान लागलं’. शहरातल्या मराठी माणसांनाही हा प्रयोग आता माहीत नसतो. आमच्या घरी आजी तिन्हीसांजेनंतर सापाचं नाव घेऊ देत नसे. नाव घेतलं की तो येतो अशी समजूत. मग साप म्हणजे जनावर, साप म्हणजे लांबडं, आणि साप चावला म्हणजे पान लागलं. भाताच्या खाचरात कामं चालू असतात त्या दिवसांत हे तीन शब्द घराघरांत ऐकू येतात.

पावसाळ्यात पहाटे मुरबाडकडून एक बाप आपल्या सात-आठ वर्षांच्या पोराला उचलून घेऊन आला. ‘‘पान लागलंय वो याला.’’ टेबलावरच्या मुलीला पान म्हणजे खायचं पान. तिने पोराचं तोंड उघडून पाहिलं, हिंदीत विचारलं की पानात तंबाखू होती का. बाप म्हणाला, ‘‘नाही, निजला होता.’’ तेवढ्यात आमच्या मावशी बादली ठेवून धावत आल्या. मावशी म्हणजे आमच्याकडच्या आयाबाई. बावीस वर्षांची मुलगी कामाला लागली तरी पहिल्या दिवसापासून मावशी, आणि वॉर्डबॉय म्हणजे मामा. या मावशी जव्हारकडच्या. ओरडल्या, ‘‘जनावर चावलंय गो त्याला!’’ मण्यार होती. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही धड दिसत नाहीत. मग पोटात दुखायला लागतं, घसा आवळतो, पापण्या जड होऊन मिटायला लागतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. त्या पोराच्या पापण्या आधीच अर्ध्यावर आल्या होत्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं इंजेक्शन आपल्याकडे असतं. ते दिलं, श्वासाची नळी घातली, पोरगं वाचलं. ते मावशींमुळे वाचलं, असं मी त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं आणि आजही म्हणते.

विंचवाचं उलटं आहे. तिथे नाव घ्यायला कुणी भीत नाही, पण चावल्यानंतर विंचू ‘चढतो’ आणि ‘उतरतो’. अंगभर घाम, हातपाय गार पडलेले, छातीत धडधड, असं काही असलं तर तो खरोखर चढलेला असतो आणि हृदयाला धोका असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या चढलेल्या विंचवावर प्राझोसिन ही मूळची रक्तदाबाची गोळी लागू पडते हे दाखवून दिलं आणि कोकणात किती तरी मुलं वाचली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू ‘उतरवणारे’ भगतही अजून आहेत. म्हणून घरचे म्हणाले, ‘‘उतरवून आणलाय,’’ तर मी मुलींना सांगते, उतरला असं लिहू नका, कुठे उतरवला आणि त्यात किती वेळ गेला ते विचारा.

अंग म्हणजे शरीर, असं पुस्तकात दिलेलं असतं. बाळंतिणींच्या वॉर्डात आठवडाभर उभं राहिलं की कळतं की अंग म्हणजे बाईला ज्याचं नाव घ्यायचं नाही ते सगळं. ‘अंगावर जातंय’ म्हणजे पाळीचं रक्त फार जातंय. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे वेगळं. ‘अंगावरचं दूध’ आईचं, वरचं दूध गाईचं किंवा डब्याचं. ‘अंगावर पितं का?’ हा बाळाबद्दलचा प्रश्न. ‘अंग बाहेर येतं’ म्हणजे पिशवी खाली उतरते, आणि हे बाई वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाही, सांगितलं तर पदर तोंडाशी धरून, एकदाच. त्या एका वेळेला समोरच्या सिस्टरला कळलं नाही तर ती दुसऱ्यांदा सांगायची नाही. पुढची काही वर्षं ती तशीच डोक्यावर हंडे वाहत राहील. या सगळ्याला आपण ‘अंगावर काढलं’ म्हणतो, तेही अंगच.

लाजेपोटी बायकांनी ही भाषा घडवली, आणि ती मोडून काढून त्यांना शरीरशास्त्रातली नावं शिकवा असं म्हणणारे डॉक्टरही मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. नावं शिकवावीत, शाळेत शिकवावीत. पण रुग्णालयाच्या पलंगावर बसलेल्या बाईने आधी शब्द बदलायचे आणि मग दुखणं सांगायचं हा उलटा न्याय झाला. तिच्या शब्दापर्यंत आपण जायचं.

‘अंगावरून वारं गेलं’ हा यातला सगळ्यात महागात पडणारा प्रयोग. म्हणजे लकवा. चेहरा एका बाजूला ओढला जातो, एक हात उचलत नाही, बोलणं जड होतं. मेंदूच्या शिरेत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे पाहावं लागतं. बाहेरून आलेल्या मुलीला ‘वारं’ म्हणजे हवा. गार हवा लागली, सर्दी झाली, असं तिला वाटतं. पण त्याहून मोठा घोटाळा घरच्यांच्या मनात असतो. वारं ‘गेलं’. आलं आणि गेलं. म्हणजे जे व्हायचं ते होऊन चुकलं, आता घाई कशाची? मग तेल चोळतात, कुणी कबुतराचं रक्त लावायला सांगतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आणतात. शब्दातला तो भूतकाळ लोकांचे हात थांबवून ठेवतो असं मला वाटत आलंय. म्हणून नातेवाईकांशी बोलताना आम्ही मुद्दाम म्हणतो, ‘‘वारं अजून गेलेलं नाही, ते आत्ता चालू आहे. लगेच आणा.’’ हे वाक्य व्याकरणाला सोडून असेल, पण ऐकणाऱ्याला पळायला लावतं.

‘बाहेर’ हा शब्दही असाच. ‘बाहेरचं खाल्लं’ म्हणजे वडापाव, ‘बाहेर बसलीय’ म्हणजे पाळी, ‘बाहेर जाऊन आलो’ म्हणजे संडास. ऑपरेशननंतर आतडी सुरू झाली का, हे त्यावरूनच कळतं. आणि कुजबुजत सांगितलेलं ‘बाहेरचं झालंय’ म्हणजे भूतबाधा. हे शेवटचं ऐकलं की मी हसू देत नाही कुणाला. त्या पेशंटला बहुतेक वेळा तापात भ्रम झालेला असतो, फिट आलेली असते किंवा मन आजारी असतं. घरच्यांनी जे पाहिलं ते खरंच असतं, त्यांनी दिलेलं कारण वेगळं असतं.

प्रसूतिगृहात शिरलं की ‘कळ’ आली. कळ म्हणजे वेदना, कळा म्हणजे बाळंतपणाच्या वेणा. कळ दाबली की लिफ्ट येते. कुणी कळ लावली की भांडण होतं. आणि बाई ओरडायला लागली की आमच्या जुन्या मावशी पाठीवर हात फिरवत म्हणतात, ‘‘जरा कळ काढ, बाय.’’ म्हणजे सोस, थांब. जिथे कळ येते तिथेच कळ काढायची असते. नव्या मुलीला हे ऐकून वाटलं की मावशी वेदना काढून टाकायला सांगताहेत, आणि ती वेदना थांबवायचं इंजेक्शन भरायला गेली.

बाळ झालं की दाराबाहेरून सासू विचारते, ‘‘वार पडली का?’’ इथे व्याकरण उपयोगी पडतं. वार पडला म्हणजे घाव बसला. तो वार म्हणजे सोमवार-मंगळवारही. पण ती वार म्हणजे बाळाच्या नाळेचं दुसरं टोक, आईच्या पोटातलं. ती साधारण अर्ध्या तासात पडायला हवी, नाही पडली तर रक्तस्राव सुरू होतो. त्या सासूने गावात बाळंतपणं पाहिलेली असतात. मुलगा की मुलगी हे विचारायच्या आधी ती वार पडली का विचारते, तेव्हा मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो. सुटकेचा श्वास कधी टाकायचा हे तिला ठाऊक असतं.

‘दिवस’ तर जन्मापासून मरणापर्यंत पुरतो. दिवस गेले म्हणजे गरोदर राहिली, दिवस भरले म्हणजे बाळंतपण जवळ आलं, दिवस वर गेले म्हणजे तारीख उलटली. आणि दिवस घातले म्हणजे मेलेल्याचं कार्य केलं. नवऱ्याला ‘‘किती दिवस झाले?’’ असं विचारून भागत नाही. कशाचे दिवस, ते बोलावं लागतं.

मरणाच्या बाबतीत आमच्या वॉर्डात एक कडक नियम आहे आणि तो मी केलाय. कुणाही पेशंटबद्दल नुसतं ‘गेले’ म्हणायचं नाही. एक मुलगी ऑफिसमधून धावतपळत आली. आदल्या रात्री भरती केलेल्या आईचा पलंग रिकामा, चादर काढलेली. तिने पुसणाऱ्या मामांना विचारलं, ‘‘इथल्या बाई?’’ मामा कामात होते, मान वर न करता म्हणाले, ‘‘त्या गेल्या.’’ ती जागच्या जागी खाली बसली. आई सोनोग्राफीला गेली होती. चादर ओली झाली म्हणून काढली होती. मामांचा काही दोष नाही, मराठीत गेलेल्याला गेला म्हणतात. पण रुग्णालयाच्या भिंतींत हा शब्द नुसता उभा राहू शकत नाही. ‘तपासणीला नेलंय’, ‘घरी सोडलंय’, ‘दुसऱ्या वॉर्डात हलवलंय’, पूर्ण वाक्य बोलायचं. आणि जे खरोखर गेले त्यांच्याबद्दल दाराशी, घाईत, उभ्या उभ्या बोलायचंच नाही. नातेवाईकांना बसवायचं.

ऑपरेशनच्या आधी बांगड्या काढाव्या लागतात. साठीपुढच्या बाईला ‘बांगड्या काढा’ म्हटलं की तिचा चेहरा उतरतो, ‘फोडू’ म्हटलं तर विचारूच नका. निघत नसलेली बांगडी ‘वाढवायची’ असते. मोडायची वस्तू वाढवायची, हे हिशेबात बसत नाही, पण आपण नारळही वाढवतोच. मणिपूरची एक मुलगी हे इतकं छान शिकली की ती आजींचा हात हातात घेऊन म्हणते, ‘‘आजी, वाढवूया का? बाहेर आल्यावर हिरव्या भरू.’’ मंगळसूत्राला आम्ही हात लावत नाही, नवऱ्याला किंवा मुलीला उतरवायला सांगतो.

आमचेही शब्द पेशंटला तितकेच फसवतात, हेही सांगायला हवं. आयुष्यभर ‘पॉझिटिव्ह विचार करा’ ऐकलेल्या माणसाला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हटलं की तो हात जोडतो. टीबीचा रिपोर्ट हातात घेऊन हसणारा मुलगा पाहिला तेव्हापासून मी ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द नातेवाईकांसमोर वापरू देत नाही. ‘स्टेबल’ म्हणजे आहे तिथेच आहे. घरचे त्याचा अर्थ धोका टळला असा करतात आणि रात्री घरी झोपायला जातात. ‘झटका’ हा शब्द आम्ही आणि ते दोघंही वापरतो आणि दोघांच्या मनात वेगळं असतं. हृदयाचा, फिटचा की लकव्याचा, हे प्रत्येक वेळी सोडवून घ्यावं लागतं.

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षात शिकवतात की तक्रार रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत लिहावी. सगळ्या मुलींनी परीक्षेत हे उत्तर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात केसपेपरवर येतं ते इंग्रजी, म्हणजे ऐकणाऱ्याने लावलेला अर्थ. माझं एवढंच मागणं आहे की आधी तो शब्द जसाच्या तसा लिहा. देवनागरी येत असेल तर देवनागरीत, नसेल तर तुमच्या लिपीत, उच्चाराप्रमाणे. मल्याळम अक्षरांत लिहिलेलं ‘अंगावरून वारं गेलं’ आमच्या एका केसपेपरवर आहे. त्याखाली तुमचं इंग्रजी लिहा. मग अर्थ चुकला तरी मूळ शब्द कागदावर शिल्लक राहतो आणि पुढच्या माणसाला तो सापडतो.

सध्या फळ्यावर ‘बरं’ आहे. बरं म्हणजे ठीक. बरं म्हणजे हो. बरं नाही म्हणजे आजारी. बरं झालं म्हणजे आजार गेला, किंवा नुसतंच चांगलं झालं. आणि ‘‘काही बरंवाईट होणार नाही ना?’’ या वाक्यात ‘बरं’ ऐकून मान डोलवायची नसते, कारण तिथे मरण विचारलेलं असतं. पण सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं ते राउंडच्या वेळचं ‘बरं आहे.’ म्हातारी माणसं डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणूनसुद्धा ‘बरं आहे’ म्हणतात. कोलशेतच्या एका आजोबांनी परवा तेच सांगितलं. राजस्थानच्या मुलीने मान डोलवली आणि पुढे जाण्याऐवजी विचारलं, ‘‘बाबा, जेवण गेलं का?’’ ते म्हणाले, ‘‘दोन घास गेले. मग पोटात कळ आली, ठेवून दिलं.’’ तिने ते अडखळत मराठीत, जसंच्या तसं लिहिलं. संध्याकाळच्या डॉक्टरांनी ते वाचलं, पोट दाबून पाहिलं आणि लगेच सोनोग्राफी सांगितली. पित्ताशयात खडे निघाले.